गिंझातली विटांची घरं

शनिवार-रविवारी दुपारी गिंझाचा मुख्य रस्ता गाड्यांना बंद असतो. देशातून आलेल्या पाहुण्यांना तिथे नेऊन, रस्त्याच्या मधोमध उभं करून फोटो काढण्याचा कार्यक्रम आपल्यापैकी बहुतेकांनी एकदा तरी केला असेल. त्या फोटोत दोन्ही बाजूंना काचेची दुकानं दिसतात, चौकातला वाकोचा घड्याळवाला मनोरा दिसतो आणि मध्ये ऐसपैस रस्ता दिसतो. हा रस्ता साधारण २७ मीटर रुंद आहे. फोटोतल्या सगळ्या वस्तूंमध्ये सर्वात जुनी वस्तू म्हणजे ही रुंदी. ती आखली गेली १८७२ साली, आणि तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडांना लंडन-डब्लिनच्या धर्तीची दुमजली, विटांची, खांबांच्या रांगा असलेली घरं बांधली होती. त्या पद्धतीला जॉर्जियन म्हणतात. त्या घरांपैकी एकही आज उभं नाही.

यंदाच्या कार्यक्रमातून जमणारा निधी गावाकडच्या शाळांच्या जुन्या खोल्या दुरुस्त करण्यासाठी जाणार आहे. तेव्हा स्मरणिकेत भिंतीबद्दल चार शब्द असावेत असं वाटलं. भिंत सुंदर दिसणं वेगळं आणि भिंत उभी राहणं वेगळं. हे समजून घ्यायला गिंझाच्या त्या घरांसारखं दुसरं उदाहरण टोक्योत नाही.

आधी 'जॉर्जियन' म्हणजे काय ते पाहू. जॉर्जिया देशाशी याचा संबंध नाही, आणि स्टेशनवरच्या यंत्रातून मिळणाऱ्या 'जॉर्जिया' कॉफीच्या डब्याशी तर मुळीच नाही. १७१४ ते १८३० या काळात इंग्लंडच्या गादीवर ओळीने चार जॉर्ज बसले. आपल्याकडे बाळाजी विश्वनाथांना पेशवाई मिळाली १७१३ साली आणि दुसऱ्या बाजीरावाची गेली १८१८ साली. म्हणजे पुण्यात वाडे बांधले जात होते त्याच शंभर वर्षांत लंडन, बाथ, डब्लिन, एडिंबरा या शहरांत ही घरं बांधली जात होती.

वाड्याचं तोंड आत, चौकाकडे असतं. बाहेरून भक्कम भिंत, एक दिंडी दरवाजा, आणि सगळं जगणं आतल्या चौकाभोवती. जॉर्जियन घराचं नेमकं उलट. त्याचा सगळा डामडौल रस्त्याकडे. रुंदी वीस-बावीस फूट, खोली मात्र भरपूर, आणि शेजारचं घर खेटून. दोन घरांमध्ये एकच सामाईक भिंत. प्रत्येक मजल्यावर साधारण दोन खोल्या, एक पुढची आणि एक मागची, आणि बाजूने जिना. स्वयंपाकघर तळघरात. रस्ता आणि घर यांच्यामध्ये एक खोल खड्डा सोडलेला असतो, त्यातून तळघराला उजेड मिळतो. फुटपाथखाली कोळशाची कोठी, तिचं झाकण फुटपाथवर. कोळसेवाल्याने वरून पोतं रिकामं करायचं, घरात पाऊल टाकायचं नाही.

तळमजल्यावर जेवणघर, पहिल्या मजल्यावर दिवाणखाना, त्याच्यावर झोपायच्या खोल्या, आणि अगदी वर नोकरांच्या. बाहेर उभं राहून खिडक्या पाहिल्या की कोण कुठे राहतं ते कळतं. पहिल्या मजल्याच्या खिडक्या सर्वात उंच, कारण पाहुणे तिथे बसणार. त्याच्या वरच्या त्याहून आखूड. सर्वात वरच्या जवळजवळ चौकोनी. रुंदी मात्र सगळ्यांची सारखी, त्यामुळे खिडक्या एकाखाली एक ओळीत येतात. दर्शनी भिंतीवर नक्षीकाम फारसं नाही. दाराला दोन बाजूंना खांब आणि डोक्यावर अर्धवर्तुळाकार काच, बस्स. बाकी सगळं सौंदर्य मापात आहे.

हे माप नुसत्या चांगल्या अभिरुचीतून आलं असं मानलं जातं. मला त्यातला निम्मा वाटा तरी आगीचा वाटतो. १६६६ सालच्या सप्टेंबरात लंडन चार दिवस जळत होतं. पुढच्याच वर्षी कायदा आला की बाहेरच्या भिंती विटांच्या किंवा दगडाच्याच हव्यात, आणि रस्त्याच्या प्रतीप्रमाणे घराचे मजले ठरतील. १७०७ साली छपराखालची पुढे आलेली लाकडी वळचण बंद झाली, कारण आग तिच्यावरून एका घरातून दुसऱ्या घरात जायची. मग भिंतच छपराच्या वर चढवून तिचा कठडा केला आणि छप्पर त्याच्यामागे लपलं. १७०९ साली खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या दर्शनी बाजूपासून चार इंच आत घ्यायला लावली. १७७४ साली घरांचे चार वर्ग ठरवले आणि चौकटीचं लाकूड बरंचसं विटांच्या मागे गेलं. छप्पर दिसत नाही, लाकूड दिसत नाही, खिडक्यांना छान सावली पडते, सगळ्या रांगेची उंची एक. ज्याला आपण 'जॉर्जियन रेखीवपणा' म्हणतो तो बराचसा अग्निशमनाचा नियम आहे.

उरलेला वाटा पैशाचा. जमीन बड्या सरदारांची. ते ती विकत नसत, बहुधा ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देत. घेणारा गवंडी किंवा सुतार कर्ज काढून दोन-चार घरांचा सांगाडा उभा करी आणि शक्य तितक्या लवकर गिऱ्हाईक गाठून मोकळा होई. गिऱ्हाईक बघणार पुढची भिंत. त्यामुळे पुढे चांगल्या, महाग, एकसारख्या विटा आणि आत स्वस्त, ओबडधोबड विटा अशी पद्धत पडली.

इथे वीटकामाचं थोडं सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. जाड भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती, एक बाहेरची आणि एक आतली, एकमेकींना चिकटून उभ्या. त्या एक कशा होतात? काही विटा आडव्या, लांब बाजू दिसेल अशा ठेवतात आणि काही विटा टोक दिसेल अशा, म्हणजे भिंतीच्या आत घुसतील अशा ठेवतात. आत घुसणारी वीट दोन्ही भिंतींना धरून ठेवते. प्रत्येक थरात एक लांब, एक टोक, एक लांब, एक टोक अशी रचना असली तर तिला इंग्रज लोक फ्लेमिश बांधणी म्हणतात. लंडनच्या जॉर्जियन घरांची ही खूण. आता गोम अशी की बाहेरच्या महाग विटा आणि आतल्या स्वस्त विटा यांची जाडी वेगवेगळी, थर जुळत नाहीत. मग गवंडी विटेचे दोन तुकडे करून नुसती टोकं बाहेर दिसतील असं लावायचा. बाहेरून बांधणी अगदी बरोबर, आत मात्र पकड नाही. एका विटेत दोन टोकं मिळाल्याने महाग विटा वाचायच्या ते वेगळंच. लंडनमध्ये जुन्या घरांच्या भिंतींवर आजही लोखंडी चकत्या दिसतात. फुगलेली दर्शनी भिंत आतल्या तुळयांना सळीने बांधून ठेवल्याची ती निशाणी. लंडनला मोठे भूकंप होत नाहीत म्हणून हे सगळं दोनशे वर्षं खपून गेलं.

आता एदोकडे येऊ. आग आणि भांडण ही एदोची फुलं, अशी इथली जुनी म्हण आहे. १६५७ सालच्या मेइरेकीच्या आगीने अर्ध्याहून अधिक शहर नेलं, लंडनच्या आगीच्या नऊ वर्षं आधी. पण एदोने त्यावर विटांचा उपाय शोधला नाही. मोकळ्या पट्ट्या सोडल्या, मातीच्या जाड भिंतींची गोदामं बांधली, आणि घरं पुन्हा लाकडाचीच उभी केली. पुढे दुकान, मागे राहणं, आणि गल्लीच्या आत भाड्याच्या खोल्यांच्या चाळी. पुण्याच्या पेठांत वाढलेल्या माणसाला हे चित्र परकं वाटू नये. लाकूड जळतं हे पुण्यालाही माहीत आहे. शनिवारवाड्याचे वरचे मजले १८२८ सालच्या आगीत गेले आणि दगडी जोतं व तटबंदी तेवढी राहिली.

१८७२ सालच्या एप्रिलच्या सुरुवातीला राजवाड्याजवळच्या वादाकुरा दरवाजापाशी एका जुन्या सरदारवाड्यात आग लागली. जोराच्या वाऱ्याने ती गिंझा आणि त्सुकिजी ओलांडून थेट खाडीपर्यंत गेली. परदेशी पाहुण्यांसाठी नुकतंच बांधलेलं त्सुकिजीचं हॉटेलही त्यात गेलं. वेळ अशी की शिंबाशी ते योकोहामा ही देशातली पहिली रेल्वे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरू व्हायची होती, आणि त्सुकिजीला परदेशी लोकांची वसाहत होती. स्टेशन एकीकडे, वसाहत दुसरीकडे, आणि मध्ये जळून गेलेलं गिंझा. परकीयांशी झालेले विषम तह बदलून घ्यायचे तर आपण सुधारलेलं राष्ट्र आहोत हे दाखवायला हवं, अशी मेइजी सरकारची धडपड चालू होती. अर्थखात्यातले इनोउए काओरू, टोक्योचे गव्हर्नर युरी किमिमासा या मंडळींनी ठरवलं की गिंझा विटांचंच बांधायचं.

काम दिलं थॉमस वॉटर्स नावाच्या आयरिश अभियंत्याला. त्याचा जन्म १८४२ सालचा, आयर्लंडमधल्या बर गावचा. हे गावच जॉर्जियन घरांच्या रांगांसाठी ओळखलं जातं. वॉटर्स आधी सात्सुमाच्या सरदारांकडे साखरेचे कारखाने उभारायला आला, मग ओसाकाची टांकसाळ त्याने बांधली. मेइजीच्या पहिल्या वर्षांत इथे आलेल्या परदेशी माणसाला सगळंच यावं लागे. पूल बांध, भट्टी लाव, घराचा नकाशा काढ. अशा माणसाच्या हाती पेन्सिल आली की तो लहानपणी पाहिलेलं घर काढतो, हे अगदी स्वाभाविक आहे. खुद्द लंडनमध्ये तोवर जॉर्जियन पद्धत जुनी झाली होती, फॅशन गॉथिककडे गेली होती.

रस्ते आधी आखले. मुख्य रस्ता १५ केन म्हणजे सुमारे २७ मीटर, त्याच्या खालोखाल १०, ८ आणि ३ केनचे. रस्त्याच्या रुंदीवर घराची प्रत ठरायची, अगदी लंडनच्या १६६७ च्या कायद्यासारखं. गाड्यांचा रस्ता वेगळा आणि पायी चालणाऱ्यांचा वेगळा ही कल्पनाही टोक्योला नवीन होती. विटा कुठून आणायच्या? शहराच्या ईशान्येला कोसुगे इथे गोल, अखंड जळणारी हॉफमन पद्धतीची भट्टी लावली. मुख्य रस्त्यावर दुमजली घरांच्या सलग रांगा उभ्या राहिल्या. समोर ओळीने साधे गोल खांब, खांबांवर पहिल्या मजल्याचा सज्जा, सज्जाखालून पावसात न भिजता चालता येईल अशी पडवी, वर पांढरा गिलावा. १८७४ च्या डिसेंबरात रस्त्यावर गॅसचे दिवे लागले. चित्रकारांनी या रस्त्याची रंगीत छापील चित्रं भराभर काढली. खेड्यापाड्यातून लोक ती विकत घेऊन जात.

चित्रं खपली तरी घरं खपेनात. सरकार घरं बांधून देणार आणि रहिवाशांनी हप्त्याने पैसे फेडायचे असा बेत होता. मूळचे रहिवासी म्हणजे छोटे कारागीर, फेरीवाले, भाडेकरू. त्यांना हप्ते परवडणार कुठून? बरेचजण ती जागाच सोडून गेले. सुधारणेच्या इतिहासात या लोकांवर सहसा ओळ-दीड ओळ येते. मला वाटतं गिंझाच्या घरांची खरी किंमत त्यांनीच मोजली.

जे राहिले त्यांचीही तक्रार होती की घरात ओल येते. विटांच्या घरात राहिलं की माणूस निळा पडून, सुजून मरतो अशी अफवा पसरली. हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही, कारण तिच्यामागे खरं कारण होतं. गिंझा खाडीलगतच्या सखल जमिनीवर वसलं आहे आणि तिथे पाणी फार खोल नाही. याचा पुरावा रस्त्याच्या झाडांनी दिला. आधी हौसेने पाईन, चेरी आणि मेपल लावले होते. ओल्या जमिनीत ते टिकले नाहीत. त्यांच्या जागी ओल सोसणारे विलो लावावे लागले आणि मग गिंझाचे विलो गाण्यांमधून प्रसिद्ध झाले. झाडं बदलता आली, घरांच्या पायांचं काय?

शिवाय लंडनचं घर चालतं ते शेगडीवर. सामाईक भिंतीत धुराडी असतात, प्रत्येक खोलीत कोळसा पेटलेला असतो, आणि त्या उष्णतेने भिंती कोरड्या राहतात. जपानी माणूस हिबाचीवर हात शेकतो आणि घर सुकवतो ते वाऱ्याने. जमिनीपासून उचललेलं लाकडी जोतं, सरकती दारं, आरपार वारा. जूनमधल्या पावसात टोक्योत चामड्याच्या बुटांना बुरशी येते हे आपण सगळे दरवर्षी पाहतो. अशा हवेत कच्च्या भाजलेल्या विटांच्या भिंती आणि दोनच बाजूंना खिडक्या म्हटल्यावर काय होणार ते सांगायला नको.

रिकाम्या घरांत खेळवाले शिरले. अस्वलाची कुस्ती, नाचणारे कुत्रे, कसरती, असले तमाशे विलायती खांबांच्या मागे चालू लागले. १८७७ साली सरकारने काम आटोपतं घेतलं. अख्खं टोक्यो विटांचं करायचा मूळ बेत गिंझापाशीच थांबला.

आणि इथून पुढे गिंझाने ती घरं हळूहळू आपलीशी केली, हा मला या गोष्टीतला सर्वात गमतीचा भाग वाटतो. वर्तमानपत्रं आली, कारण स्टेशन जवळ आणि जागा उपलब्ध. आजच्या वाकोच्या कोपऱ्यावर चोया शिंबुनची कचेरी होती. तीच इमारत पुढे हात्तोरी घड्याळवाल्यांनी घेतली आणि १८९४ साली तिच्यावर पहिला घड्याळाचा मनोरा चढवला. किमुरायाची बेकरी १८७४ साली आली. आपल्या पुरणाची आठवण करून देणारा त्यांचा अनपान याच रस्त्यावर विकला जाऊ लागला. दुकानदारांनी आत तातामी घातल्या, गिऱ्हाईक बूट काढून बसू लागलं. दारावर नोरेन लटकले. पडवीची जागा वाया जाते म्हणून दोन खांबांच्या मधली जागा भरून दुकान पुढे सरकवलं. सज्जे बंद करून खोल्या काढल्या. मुंबईत गॅलरी बंद करून खोली काढण्याची कला आपण शोधली असं कोणाला वाटत असेल तर तो अभिमान सोडावा. मागच्या अंगणात पुन्हा मातीच्या भिंतींची गोदामं आली. वीस-पंचवीस वर्षांत समोरून विलायती आणि आतून एदो असं एक वेगळंच घर तयार झालं होतं.

भूकंपाने मात्र आपलं-परकं पाहिलं नाही. २८ ऑक्टोबर १८९१ ला नागोया-गिफू भागात नोबीचा भूकंप झाला. सात हजारांवर माणसं गेली आणि नव्या विटांच्या इमारती व कारखाने कोसळले. लाकडी घरंही पडली, पण सुधारणेची खूण म्हणून बांधलेली वीट पडली याचा धक्का मोठा होता. विटेचा दोष असा की ती दाबाला खंबीर आणि ओढीला कच्ची. वरून कितीही भार टाका, ती सोसेल. जमीन आडवी हलली की भिंतीचा जितका भार तितका जोराचा हिसका तिला बसतो, आणि चुन्याची दर्ज तो सोसत नाही. सर्वात आधी पडतात धुराडी आणि कठडे, कारण त्यांना वरून धरणारं काही नसतं. मग दर्शनी भिंत बाजूच्या भिंतीपासून सुटून रस्त्यावर येते. रस्त्याकडे तोंड असलेल्या घराची सर्वात देखणी बाजू तीच सर्वात आधी पडते.

यातून जे शिकले त्यांनी वीट सोडली नाही, तिला बांधून घेतलं. १८७७ साली टोक्योला आलेल्या जोसाया कॉन्डरने १८९४ साली मारुनोउचीत मित्सुबिशी इचिगोकान पुरी केली तेव्हा विटांच्या थरांमध्ये लोखंडी पट्ट्या टाकल्या होत्या. त्याचा विद्यार्थी तात्सुनो किंगो याने टोक्यो स्टेशन पोलादी सांगाड्याभोवती विटा रचून बांधलं, ते १९१४ साली सुरू झालं.

१ सप्टेंबर १९२३ ला दुपारी बाराला दोन मिनिटं कमी असताना कांतोचा भूकंप झाला. मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे एक लाख पाच हजार माणसं गेली, बहुतेक आगीत. आसाकुसाचा बारा मजली विटांचा मनोरा मधूनच तुटला. टोक्यो स्टेशन उभं राहिलं. गिंझाच्या घरांचं भूकंपाने मोडायचं ते मोडलं आणि उरलेलं आगीने नेलं. आगीपासून वाचण्यासाठी बांधलेली घरं आगीत कशी गेली? भिंती विटांच्या असल्या तरी आतल्या जमिनी, छप्पर, तातामी, सरकती दारं, दुकानातला माल, सगळं जळणारं होतं. भूकंपाने दारं-खिडक्या उघड्या पाडल्यावर आगीला आत यायला कोणाची परवानगी लागत नाही.

तर मग लाकूड चांगलं आणि वीट वाईट? कोबेकरांना विचारा. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे जे ६,४३४ लोक गेले त्यातले पुष्कळसे जुन्या लाकडी घरांखाली गेले. वर जड कौलांचं छप्पर, खाली आडव्या जोराला तोंड देणाऱ्या भिंती नाहीत. कोबेच्या जुन्या परदेशी वसाहतीतलं १५ नंबरचं घर, जिथे एकेकाळी अमेरिकेची वकिलात होती, लाकडी सांगाड्यात विटा भरून बांधलेलं होतं. तेही त्या पहाटे जमीनदोस्त झालं. त्याचे तुकडे जमवून, शक्य तितकं जुनं लाकूड वापरून १९९८ साली ते पुन्हा उभारलं. या वेळी खाली भूकंपाचा हिसका वेगळा ठेवणारा पाया घातला. सामान तेच, सांधा वेगळा.

या सगळ्याचा आपल्या निधीशी काय संबंध? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री लोक गाढ झोपेत असताना किल्लारीला भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसं आपापल्या घराच्या भिंतींखाली गेली. त्या भिंती काही तकलादू नव्हत्या. दोन-अडीच फूट जाडीच्या, दगडाच्या. पण त्याही खरं म्हणजे दोन भिंती होत्या. बाहेर एक दगडांचा थर, आत एक, मध्ये माती आणि चिपा. दोन्हीला धरून ठेवणारा आरपार दगड नाही. डोक्यावर उन्हापासून गारवा मिळावा म्हणून फूट-दीड फूट मातीचं माळवद. जमीन हलली, दोन थर एकमेकांपासून सुटले आणि फुगून पडले. लंडनच्या गवंड्याने विटेचं टोक तोडून लावलं आणि आपल्या गवंड्याने आरपार दगड टाकला नाही. चूक एकच. फक्त एका गावाखालची जमीन शांत राहिली.

उपायही महाग नाही. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार बसणारे दगड किंवा काँक्रीटचे तुकडे, दारं-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना पोटपट्ट्यासारखा वेढणारा सळई-काँक्रीटचा सलग पट्टा, माळवदावरची जास्तीची माती कमी करणं, आणि लाकडी खांब-तुळईच्या कोपऱ्यांत तिरके टेकू. किल्लारीनंतर घरं मजबूत करताना याच गोष्टी केल्या गेल्या. कॉन्डरच्या लोखंडी पट्ट्या आणि हा पट्टा एकाच घराण्यातले. शाळेच्या खोलीला रंग दिला, फरशी बसवली, दर्शनी भिंतीवर देणगीदारांची पाटी लावली, तर फोटोत सगळं छान दिसतं. पट्टा गिलाव्याखाली जातो, फोटोत येत नाही. तेव्हा दुरुस्तीचा हिशेब येईल त्या वेळी पट्ट्याची ओळ त्यात आहे का एवढं मंडळाच्या सभेत जरूर विचारा. इथे घर भाड्याने घेताना इमारत १९८१ च्या नव्या भूकंप-नियमांआधीची की नंतरची हे आपण विचारतोच, तसंच.

गिंझाला गेलात तर थोडा वाकडा रस्ता घ्या. क्योबाशीच्या टोकाला वीटनगरीची आठवण म्हणून एक गॅसचा दिवा आणि जुन्या पद्धतीची वीटबांधणी ठेवली आहे. रियोगोकुच्या एदो-टोक्यो संग्रहालयात गिंझाची छोटी प्रतिकृती आणि चोया शिंबुनच्या कचेरीची पूर्ण आकाराची प्रतिकृती होती. हे संग्रहालय २०२२ साली मोठ्या दुरुस्तीसाठी बंद झालं होतं, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. मारुनोउचीतली इचिगोकान मूळची नाही. ती १९६८ साली पाडली आणि २००९ साली त्याच जागी जुन्या नकाशांवरून पुन्हा बांधली. ओसाकाच्या मंडळींना तर वॉटर्सचं अस्सल काम घराजवळ आहे. टांकसाळीच्या चेरी पाहायला एप्रिलमध्ये जाता तेव्हा रस्त्यापलीकडे खांबांच्या पडवीची सेम्पुकान ही १८७१ सालची इमारत दिसते. गिंझाची घरं कशी दिसत असतील याचा सर्वात जवळचा अंदाज तिच्यावरूनच येतो.

आणि गिंझाच्या आठव्या चोमेत, शिंबाशीच्या बाजूला, कोन्पारु नावाची एक अरुंद गल्ली आहे. तिथे खोदकामात सापडलेल्या मूळ विटांचा तुकडा भिंतीसारखा मांडून ठेवला आहे. जपानी लोक या बांधणीला फ्रेंच बांधणी म्हणतात. 'फ्लेमिश'चं मेइजी काळात कोणीतरी 'फ्रेंच' केलं आणि तेच नाव रूढ झालं. जवळ जाऊन पाहिलं तर ओळ स्पष्ट दिसते, एक लांब, एक टोक, एक लांब, एक टोक.